छत बंद की उघडे? पहिली स्पोर्ट्स कार घेताना हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल यांतून निवड कशी करावी

दोन आसनांची स्पोर्ट्स कार घ्यायचे ठरले की घरात आणि मित्रमंडळींत चर्चा होते ती इंजिनाची, गिअरबॉक्सची आणि रंगाची. छताचा प्रश्न मात्र शोरूममध्ये जी गाडी समोर उभी असेल तिच्याकडे पाहून पाच मिनिटांत निकालात काढला जातो. रोजच्या वापरात इंजिनाइतकेच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक, छतच जाणवते. गाडी कुठे उभी करता येईल, डिकीत काय मावेल, दोन तासांच्या प्रवासानंतर कान किती थकतील, पावसाळ्याचे चार महिने तिचे काय करायचे आणि दहा वर्षांनी तिच्यावर किती खर्च येईल, हे सारे छतावर अवलंबून असते. माझ्या मते ही निवड दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सोडावी: गाडी रात्री कुठे उभी राहणार आहे, आणि छत उघडून चालवण्याजोगे किती तास वर्षभरात तुमच्या वाट्याला खरोखर येणार आहेत. पुढील पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: छताचे प्रकार ओळखा

जाहिरातींत ‘हार्डटॉप’ म्हणून तीन अगदी वेगळ्या गाड्या विकल्या जातात, त्यामुळे विक्रेत्याशी बोलण्याआधी त्यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिला प्रकार कायमस्वरूपी छताचा, म्हणजे कूपे. पोर्शे केमन आणि टोयोटा सुप्रा ही त्याची उदाहरणे आहेत. दुसरा प्रकार घडी होऊन डिकीत जाणाऱ्या धातूच्या छताचा. १९९६ साली आलेल्या मर्सिडीज एसएलकेने तो लोकप्रिय केला, आणि तिचे छत सुमारे २५ सेकंदांत आत जात असे. तिसरा प्रकार कापडी छताच्या गाडीवर वरून बसवायच्या सुट्या टणक टपाचा. जुन्या माझदा एमएक्स-५वर असा टप हिवाळ्यात बसवून उन्हाळ्यात काढून ठेवण्याची पद्धत युरोपात आणि जपानमध्ये रूढ होती, पण टप ठेवायला घरात जागा लागते आणि तो उचलायला दोन माणसे लागतात.

कापडी छताची गाडी, म्हणजे सॉफ्टटॉप, हा चौथा आणि सर्वांत जुना प्रकार. पोर्शे बॉक्स्टर, माझदा एमएक्स-५ आणि बीएमडब्ल्यू झेड४ची २०१८ साली सादर झालेली पिढी या गटात येतात. आजचे कापडी छत अनेक थरांचे असते. त्यात आवाज आणि उष्णता अडवणारे अस्तर असते आणि मागची काच खरी काचच असते. जुन्या गाड्यांत ती प्लास्टिकची असे. एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत आणि बॉक्स्टरच्या सुरुवातीच्या गाड्यांत ती पिवळी पडून घडीच्या रेषेवर चिरत असे. वापरलेली गाडी पाहताना ही बाब लक्षात ठेवावी.

घडीच्या धातूच्या छताबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही, आणि त्याचे कारण झेड४च्या दोन पिढ्यांच्या आकड्यांत दिसते. २००९ साली आलेल्या पिढीला धातूचे छत होते. छत बंद असताना तिची डिकी ३१० लिटरची, पण छत उघडले की केवळ १८० लिटरची उरत असे. पुढच्या पिढीत बीएमडब्ल्यू पुन्हा कापडाकडे वळली आणि छत उघडे असो वा बंद, डिकी २८१ लिटरचीच राहिली. मर्सिडीजनेही २०२१मध्ये सादर केलेल्या एसएलमध्ये धातूचे छत सोडून कापडी छत घेतले. त्यामुळे सुमारे २१ किलो वजन वाचले, आणि तेही गाडीच्या सर्वांत वरच्या भागातून, जिथे वजन कमी होण्याचा वळणांवर सर्वाधिक लाभ होतो.

दुसरी पायरी: गाडी उभी राहण्याची जागा पाहून या

गाडीच्या शोधाला निघण्यापूर्वी तुमच्या इमारतीतील ठरलेली पार्किंगची जागा दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी आणि रात्री पाहावी. वर स्लॅब आहे की आकाश, दुपारचे ऊन जागेवर पडते का, वरच्या पाइपातून पाणी ठिबकते का, शेजारी झाड आहे का, हे पाहण्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया जात नाही. झाडाखालची सावली माणसाला बरी वाटते, पण कापडी छताला ती घातक ठरते. झाडाचा चीक, पक्ष्यांची विष्ठा आणि कुजलेली पाने कापडात मुरतात, आणि पाने पाण्याच्या निचऱ्याच्या मार्गांत जाऊन बसतात.

जागा उघड्यावर असेल, मग ती सोसायटीच्या आवारात असो वा रस्त्याकडेला, तर माझा स्पष्ट सल्ला कायमस्वरूपी छताच्या गाडीचा आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कापडी छत त्या पावसाला टिकते, पण ते आठवडेच्या आठवडे कोरडे न होणे हा खरा धोका आहे, कारण ओलसर कापडावर आणि आतल्या अस्तरावर बुरशी धरते. गाडीवर घालायचे आच्छादन हा त्यावर उपाय नाही. ओल्या गाडीवर घातलेले आच्छादन ओल आतच कोंडून ठेवते. याउलट स्टिल्टखाली किंवा तळघरात हवा खेळती असलेली बंदिस्त जागा असेल, तर कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे छत उघडता येणाऱ्या गाडीच्या, विरोधातील निम्मे आक्षेप तिथेच गळून पडतात.

सहलीला गेल्यावर गाडी कुठे राहील याचाही विचार करावा. महाबळेश्वर आणि लोणावळ्याच्या परिसरात माकडे गाड्यांच्या टपावर येऊन बसतात, आणि कापडी छताला त्यांची नखे परवडत नाहीत. चोरीचा विचार करता कापड ब्लेडने कापता येते, म्हणून गाडी सोडून जाताना आसनावर पिशवी, लॅपटॉप किंवा चार्जरची वायरसुद्धा दिसू देऊ नये.

तिसरी पायरी: उघड्या छताचे तास मोजा

महाराष्ट्रातील वर्ष प्रामाणिकपणे मांडून पाहावे. पावसाळ्याचे चार महिने वजा होतात. मार्च ते मेच्या दुपारी वजा होतात, कारण डोक्यावरच्या उन्हात एसीचा झोत तोंडावर घेऊनही बसवत नाही. उरतात त्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळ-संध्याकाळ, आणि उन्हाळ्यातील सकाळी साधारण नऊपर्यंतचा वेळ. त्यातूनही शहरातील गर्दीचे तास वगळावे लागतात. स्पोर्ट्स कारमध्ये चालक इतका खाली बसतो की शेजारच्या ट्रकचा धूर आणि चाकांनी उडवलेली धूळ थेट तोंडावर येते. त्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात केवळ कामावर जाण्यासाठी कन्व्हर्टिबल घेणाऱ्याचे छत वर्षातील बहुतांश दिवस बंदच राहील.

तरीही उरलेले तास फार मोलाचे आहेत, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबरच्या पहाटे ताम्हिणी घाटात किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर छत उघडून चालवताना दिसते, ऐकू येते आणि वासाने कळते ते काच बंद केलेल्या गाडीत कळत नाही. इंजिनाचा आवाज डोंगराच्या भिंतीवरून परत येतो, ओल्या मातीचा आणि शेकोटीच्या धुराचा वास वळणागणिक बदलतो, आणि वेग कमी असूनही गाडी चालवण्याचे पूर्ण समाधान मिळते. वर्षातून अशा पंधरा-वीस सकाळी ज्याला हव्या आहेत आणि ज्याच्या घरी रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, त्याने कन्व्हर्टिबल जरूर घ्यावी. ज्याची ही एकमेव गाडी असेल, त्याने घेऊ नये.

आपल्याला हे आवडते की नाही हे खर्च न करता कसे ओळखावे, असा प्रश्न नवख्या खरेदीदाराला पडतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या अधिकृत भाड्याच्या गाड्या स्वतः चालवायला मिळतात. त्यांत कापडी छताची महिंद्रा थार मिळाली तर ती दोन दिवसांसाठी घ्यावी. २०२०च्या थारमध्ये टणक आणि कापडी अशी दोन्ही छते मिळत होती. ती उंच गाडी आहे, स्पोर्ट्स कार नव्हे, त्यामुळे हाताळणीबद्दल तिच्यावरून काही ठरवू नये. परंतु डोक्यावरचे ऊन, केसांत जाणारी धूळ, सोबत्याशी बोलताना चढवावा लागणारा आवाज आणि वारंवार छत लावण्या-काढण्याचा कंटाळा यांची कल्पना तिच्यातून पुरेशी येते. दुसऱ्या दिवशी दुपारीही छत उघडेच ठेवावेसे वाटले, तर तो कौल विश्वासार्ह मानावा.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांचे गणित निराळे आहे. इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर पडत असला तरी तो बहुधा रिमझिम असतो, ऊन सौम्य असते आणि जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड राहतो. काचा वर आणि आसनाचा हीटर चालू ठेवून तिथे थंडीतही छत उघडता येते. एमएक्स-५ तिथे इतकी रुजली आहे की जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक सहज मिळतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उघड्या छताचे तास भरपूर मिळतात, पण अॅरिझोनाच्या वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी छत उघडणे म्हणजे अंगाला त्रासच. तिथे पहाट आणि रात्रच उरते.

चौथी पायरी: छत गेल्याने गाडीत काय बदलते

आजच्या मोटारीचे छत केवळ आडोसा नसते. ते गाडीच्या सांगाड्याचा भाग असते आणि गाडीला पीळ बसू नये म्हणून पुढचा व मागचा भाग एकमेकांशी बांधून ठेवते. खोक्याचे झाकण कापून टाकल्यावर ते जसे हाताने सहज पिळता येते, तसे छत काढल्यावर सांगाड्याचे होते. ही उणीव भरण्यासाठी दाराखालचे पट्टे, पुढच्या काचेचे खांब आणि मजल्याखालचे आडवे दांडे जाड करावे लागतात, आणि त्यामुळे वजन वाढते. खडबडीत रस्त्यावर कन्व्हर्टिबलचा डॅशबोर्ड आणि आतला आरसा किंचित थरथरताना दिसतो, तो या पिळाचाच परिणाम असतो.

पण सर्व कन्व्हर्टिबल सारख्या नसतात. गाडी मुळातच उघडी म्हणून आखली असेल तर तडजोड कमी असते. एमएक्स-५ १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात उघडी गाडी म्हणूनच जगासमोर आली. बॉक्स्टर १९९६मध्ये उघडीच आली आणि तिच्यावर आधारलेली बंद छताची केमन २००५मध्ये, म्हणजे नंतर आली. झेड४ आणि सुप्रा यांचा पाया एकच असून दोन्ही ऑस्ट्रियातील ग्राझ येथे एकाच कारखान्यात तयार झाल्या. ज्याला या दोन स्वभावांतील फरक समजून घ्यायचा आहे त्याला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही, कारण इंजिन तेच असूनही सुप्रा स्पष्टपणे हलकी आहे. मॅक्लारेन ७२०एसच्या उघड्या आवृत्तीत सांगाडा कार्बन फायबरचा असल्याने वेगळी मजबुती द्यावी लागली नाही आणि छताच्या यंत्रणेमुळे ४९ किलोच वाढले. तो मार्ग अर्थातच फार महागडा आहे.

एमएक्स-५ची आरएफ ही आवृत्ती कूपे आणि कन्व्हर्टिबल या दोहोंच्या मध्ये बसते. तिच्यात डोक्यावरचे कवच आत जाते, पण मागचे खांब जागेवर राहतात. ती कापडी छताच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ किलोने जड आहे. कापडी छत चालकाला बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येते, तर आरएफचे छत विजेवर चालते, साधारण १३ सेकंद घेते आणि ताशी १० किलोमीटरच्या आतच हलते. याउलट ७१८ बॉक्स्टरचे छत सुमारे नऊ सेकंदांत आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालू गाडीत उघडता-मिटता येते. आपल्याकडे घाटात अचानक सर येते तेव्हा ही बाब क्षुल्लक राहत नाही. जी गाडी छत लावण्यासाठी थांबवावी लागते, तिचे छत लोक हळूहळू उघडेनासे होतात.

ज्याला रेसिंग ट्रॅकवर जायचे आहे त्याने कूपेच घ्यावी. चेन्नईजवळच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जाण्याआधी उघड्या गाडीसाठीचे नियम आयोजकांकडून लेखी घ्यावेत. डोके सुरक्षित राहील का याची घरगुती चाचणी अशी: हेल्मेट घालून बसावे आणि पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून मागच्या रोलबारपर्यंत, म्हणजे आसनामागच्या संरक्षक दांड्यापर्यंत, एक सरळ काठी आडवी धरावी. हेल्मेट काठीला लागत असेल, तर गाडी उलटल्यास डोके सुरक्षित नाही. रस्त्यावरच्या वापरातही मागे रोलबार पक्का आहे की वेळ आल्यावर आपोआप वर येणारा आहे, हे विचारून घ्यावे. १९८९च्या मर्सिडीज एसएलमध्ये असा आपोआप उभा राहणारा बार आला आणि तो सुमारे ०.३ सेकंदात वर येत असे.

पाचवी पायरी: चाचणीसाठी गाडी कशी चालवावी

विक्रेते कन्व्हर्टिबल छत उघडून चालवायला देतात आणि खरेदीदार तिथेच हरखून जातो. तुम्ही सुरुवात छत बंद ठेवून करावी, कारण गाडीचा बहुतांश काळ तसाच जाणार आहे. खड्ड्यांचा आणि स्पीडब्रेकरचा रस्ता निवडून रेडिओ बंद करावा आणि छताच्या सांध्यांतून कुरकुर येते का ते ऐकावे. त्यानंतर महामार्गावर ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या वेगाने निदान वीस मिनिटे चालवून शेजारच्या व्यक्तीशी साध्या आवाजात बोलता येते का ते पाहावे. मागे वळून तिरकस दिशेने येणारी दुचाकी दिसते का, हेही तपासावे. कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यात मोठा आंधळा भाग असतो आणि आपल्या रस्त्यांवर दुचाकी नेमकी तिथूनच येते. हे सर्व झाल्यावरच छत उघडावे.

उंच व्यक्तीने दोन्ही स्थितींत बसून पाहावे. बंद छताखाली डोके घासत असेल तर ती गाडी वगळावी, आणि छत उघडल्यावर पुढच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येत असेल तरीही वगळावी.

सहावी पायरी: वापरलेली कन्व्हर्टिबल तपासताना

या पायरीवर घाई अजिबात करू नये, कारण कन्व्हर्टिबलचे बहुतेक मोठे खर्च पाण्यातून उद्भवतात. छताच्या कडेने झिरपणारे पाणी नळ्यांतून खाली सोडण्याची व्यवस्था या गाड्यांत असते. त्या नळ्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पाणी आत उतरते. जुन्या एमएक्स-५मध्ये ते दाराखालच्या पोकळीत साचून पत्रा आतून गंजवते, आणि बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत ते आसनाखाली बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकापर्यंत पोहोचून गाडी सुरूच होऊ देत नाही. म्हणून मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा, आसनाखाली हात घालावा आणि दार उघडताच कुबट वास येतो का ते लक्षात घ्यावे. सुगंधी फवारा नुकताच मारलेला जाणवला तर अधिक सावध व्हावे.

त्यानंतर छत बंद करून बागेच्या पाइपाने साधे पाणी दहा मिनिटे सोडावे आणि एकाने आत बसून काचांच्या वरच्या कडा पाहाव्यात. प्रेशर पंपाचा झोत मात्र कापडावर मारू देऊ नये, कारण तो शिवणी सैल करतो. विजेवर चालणारे छत सलग तीनदा उघडून मिटवावे. एका बाजूने अडखळत असेल, मध्येच थांबत असेल किंवा डिकीत तेलाचे डाग असतील, तर हायड्रॉलिक यंत्रणा दुरुस्तीला आली आहे असे समजावे आणि दर ठरवण्याआधी नव्या भागांची किंमत मागवावी. भारतात हे भाग बहुधा आयात करावे लागतात आणि त्यासाठी गाडी कित्येक आठवडे गॅरेजमध्ये उभी राहू शकते.

कूपे तपासताना यातील जवळजवळ काहीच करावे लागत नाही. नवख्या खरेदीदाराने याही गोष्टीला वजन द्यावे.

सातवी पायरी: किंमत, विमा आणि परदेशातून गाडी आणणे

उघडी गाडी नेहमी महाग असते असे नाही. केमन अनेक वर्षे बॉक्स्टरपेक्षा महाग विकली जात होती. २०१६मध्ये ७१८ मालिका आली तेव्हा पोर्शेने हा क्रम उलटवला. भारतात मात्र पर्याय मुळातच मोजके असतात. फोर्ड मस्टँग २०१६मध्ये आपल्याकडे आली ती बंद छताचीच. म्हणून आधी कोणती छते इथे अधिकृतपणे विकली आणि सांभाळली जातात, हे पाहावे आणि मग मन गुंतवावे.

विम्याचा करार करताना छताबद्दल लेखी विचारावे. साध्या सर्वसमावेशक विम्यात रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि कन्व्हर्टिबलच्या छताभोवती रबराचे भाग पुष्कळ असतात. त्यामुळे शून्य घसाऱ्याचे जोड कलम घेणे इथे खरोखर उपयोगी ठरते. कापड कोणत्या वर्गात धरले जाते, आणि चोराने ते कापल्यास भरपाई मिळते का, याचे उत्तर ईमेलवर घ्यावे.

परदेशातून परतताना आवडती गाडी सोबत आणण्याचा विचार अनेकजण करतात. वापरलेली गाडी भारतात आणताना ती निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे आणि ती मुंबईच्या बंदरातूनच यावी, असा नियम आहे. अमेरिकेतील डाव्या स्टिअरिंगची गाडी त्यामुळे बादच होते आणि इंग्लंडमधील जुनी एमएक्स-५ कितीही स्वस्त असली तरी आणता येत नाही. नियमांत बसणाऱ्या गाडीवरही सीमाशुल्क मोठे असते, तेव्हा गाडी जहाजावर चढवण्याआधी कस्टम्स एजंटकडून शुल्काचा पूर्ण हिशेब मागवावा.

आठवी पायरी: कापडी छताची पहिल्या दिवसापासूनची निगा

गाडी ताब्यात घेतानाच निचऱ्याच्या नळ्यांची तोंडे कुठे आहेत ते सर्व्हिस सल्लागाराकडून दाखवून घ्यावे आणि पावसाळ्यापूर्वी मेमध्ये व नंतर ऑक्टोबरमध्ये ती साफ करून घ्यावीत. कापड मऊ ब्रशने, त्याच्यासाठी मिळणाऱ्या सौम्य द्रावणाने धुवावे आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावे. रबराच्या कडांना वर्षातून दोनदा सिलिकॉनयुक्त द्रव लावावा. पेट्रोलियम जेली किंवा साधे तेल लावू नये, त्याने रबर फुगते. भिजलेले छत घडी करून ठेवण्याची वेळ आलीच, तर घरी पोहोचताच ते पुन्हा उलगडून, ताणून वाळवावे. पावसाळ्यात गाडी वापरायची नसली, तरी आठवड्यातून एकदा कोरड्या जागी छत उघडून-मिटवून घ्यावे, म्हणजे रबर चिकटत नाही आणि यंत्रणा जाम होत नाही.